डबीचं बारसं

माझ्या घराचा खालचा मजला भाड्यानं द्यायला काढला तेव्हा माझी एकच अट होती, येणारा माणूस शांत असावा. आला भागवत. टेंपोभर संगणक, वायरींची भेंडोळी, सदा गुणगुणणारे दोन इन्व्हर्टर आणि सोबत थोरली बहीण. ‘शाळांसाठी सॉफ्टवेअर करतो, सर,’ म्हणाला. मी उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात घालवला. शाळेला खडू आणि हजेरीपट यापलीकडं काही लागतं हे मला नव्यानंच कळत होतं. मी नाही म्हणायच्या बेतात होतो. पण नीलम्मानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, त्या बहिणीकडं एकदा पाहिलं आणि मला न विचारता किल्ली तिच्या हातावर ठेवली. आमच्या घरातले निर्णय असेच होतात.

ती बहीण म्हणजे सुकन्या. सांगायचं आहे ते तिच्याबद्दल.

ही मंडळी मूळची लोहा तालुक्यातली. कोरडवाहू शेत, बाप लवकर गेलेला. आई नागुबाई शेत बघायची आणि सुकन्या धाकट्या भावाला. तशातच ती नांदेडला येऊन संगणकाची पदवी शिकली. मग लग्न होऊन लातूरला गेली. नवरा दयानंद तिथं एका शिकवणीत गणित शिकवायचा. भला माणूस होता असं सगळेच सांगतात, आणि गेलेल्या माणसाबद्दल सांगायचं म्हणून नव्हे, खरोखरच तसा होता. दोन पावसाळेही नीट गेले नाहीत, तो काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला हाकललं वगैरे काही नाही, सासूचा अजून दर दिवाळीला फोन येतो. तिलाच तिथं राहवेना. ती नांदेडला परतली आणि भावाच्या धंद्यात शिरली. शिरली म्हणजे धंदा तिनंच उभा केला. भागवत गिऱ्हाईक गाठतो, गोड बोलतो, चहा पाजतो. आतलं सॉफ्टवेअर सगळं अक्काचं. तो तिला अक्का म्हणतो.

विधवा बाईबद्दल कुणी सांगायला लागलं की ऐकणाऱ्याला डोळ्यांत पाणी हवं असतं. सुकन्याकडं ते मिळायचं नाही. ती मोठ्यानं हसते. एसटीच्या कंडक्टरशी सुट्या पैशांवरून मनापासून भांडते. माझ्या शुद्धलेखनाच्या वेडाची टर उडवते. पर्समध्ये कंगव्याशेजारी पेचकस असतो. चाळिशी उलटली तरी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढते. तिला कुणी बिचारी म्हटलं तर म्हणणाऱ्याचीच कीव यावी.

तिचं काम मी एकदाच जवळून पाहिलं. ती देगलूरच्या एका शाळेत निघाली होती. देगलूर माझं गाव, म्हणून मीही गाडीत बसलो. शाळेला कुठल्याशा योजनेतून संगणक मिळालेले होते आणि त्यांच्यावरची प्लास्टिकची टोपडीसुद्धा कुणी काढली नव्हती. सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकात वेगळं घालावं लागे. इंटरनेट असून नसल्यासारखं. त्यात लाईट. अर्धंअधिक काम झालं की लाईट जायची, आली की पुन्हा पहिल्यापासून. शिपाई दर वेळी तेलुगूत लाईटवाल्यांचा उद्धार करायचा. माझं तर डोकंच फिरलं. सुकन्या मात्र बाकावर बसून त्या काळ्या पडद्याकडं बघत होती.

“लाईट जाणं काई मशिनचा गुन्हा न्हाई, सर,” ती म्हणाली. “पण जेवढं झालंय तेवढं तिला आठवायला पायजे. पुन्हा पयल्यापासून कामून करायचं?”

त्यानंतर पुढं बरेच महिने तिचं तेच चाललं होतं. मला त्यातलं कळतं ते एवढंच. तिनं एक हातात मावेल एवढी डबी तयार केली. शाळेत गेलं की ती एका संगणकाला लावायची आणि सगळे संगणक एका वायरीत ओवायचे. सॉफ्टवेअर डबीतून सगळ्यांत एकाच वेळी उतरतं, इंटरनेट लागत नाही. लाईट गेली तर प्रत्येक संगणक जिथं थांबला तिथूनच पुढं चालू होतो. झालेलं पुसलं जात नाही. जिथं आख्खा दिवस मोडायचा तिथं चहा पिऊन होईस्तोवर काम उरकायला लागलं. अर्धापूरच्या एका मुख्याध्यापकांना ते खरंच वाटेना. त्यांनी मुद्दाम बटण बंद करून बघितलं आणि मग सगळ्या शिक्षकांना बोलावून पुन्हा बंद करून दाखवलं.

लातूरच्या एका शिक्षणसंस्थेनं आपल्या सगळ्या शाळांसाठी डब्या मागवल्या. आता खोकी छापायची होती, आणि खोक्यावर नाव लागणार. इतके दिवस ऑफिसात ‘डबी दे’, ‘डबी घेतली का’ एवढ्यावर भागत होतं. भागवत म्हणाला, असल्या नावानं लातुरात कोण विचारतंय.

नावाचा विषय निघाल्यावर तो माझ्याकडं येणार हे ठरलेलंच होतं. त्याच्या मनात ‘गरुडझेप’ होतं. मी म्हटलं, तुझी डबी शाळेत टेबलावर बसून असते, ती झेप कुठं घेते? मग तो ‘महाबली’ घेऊन आला. तेही मी हाणून पाडलं. माझ्या बाजूनं मी ‘प्रतिष्ठापना’ सुचवलं. अर्थाला चोख, ऐकायला भारदस्त. त्यावर त्यांच्याकडचा मल्लेश, जो गावोगाव डब्या लावत फिरतो, अत्यंत नम्रपणे म्हणाला की गिऱ्हाईक फोनवर एवढं नाव उच्चारेपर्यंत इन्स्टॉलेशन होऊन जाईल. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. सुकन्याला विचारलं की ती म्हणायची, तुमचं होऊ द्या आधी.

पंधरवडाभर हा खेळ चालला. मग एका सकाळी भागवत जिन्यावरून धावतच वर आला. त्याला कल्पना सुचली होती. लातूरची माणसं डब्या न्यायला येणारच आहेत, तर त्यांच्यासमोर डबीचं बारसं करायचं. खराखुरा पाळणा बांधायचा, झेंडूच्या माळा सोडायच्या, घुगऱ्या वाटायच्या, फोटो काढायचे. अजून कुणी असं केलेलं नाही, लोक लक्षात ठेवतील.

“आणि नाव अक्का ठेवंल, सर,” तो म्हणाला. “आत्याचा मान हाय तिचा.”

बोलताना त्याचा आवाज भरून आला होता. ते नाटक नव्हतं. ते का, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

इथं आल्यावर भागवतचं लग्न झालं आणि नागुबाईही गावाहून इथंच राहायला आल्या. त्याला दोन मुलं. मोठा मुलगा झाला तेव्हा बारसं खालच्या अंगणातच झालं. मी गावाला गेलो होतो, नीलम्मा हजर होती. बाळाची सख्खी आत्या एकच, सुकन्या. कानात नाव सांगायचा हक्क तिचा. पण बायका जमल्या, पाळण्याची दोरी हातात घेतली आणि नागुबाई लेकीला म्हणाल्या, “तू जरा घुगऱ्यांकडं बघ.” एवढंच. कुणी वाईट बोललं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. सुकन्या स्वयंपाकघरात गेली. तिथं नागुबाईही थोड्या वेळानं आल्या, कारण त्याही विधवाच. मायलेकी हरभऱ्याच्या पातेल्यापाशी बसून राहिल्या आणि बाहेर लोह्याहून बोलावलेल्या चुलत आत्यानं नाव ठेवलं. नीलम्मा पदरात घुगऱ्या घेऊन घरी आली, त्या तशाच ओट्यावर ठेवल्या आणि रात्री मी परतलो तेव्हा माझ्याशी धड बोलली नाही. पुरुष म्हणून माझ्या वाट्याला तो राग येणं बरोबरच होतं. दुसऱ्या बारशाला, मुलीच्या वेळी, सुकन्यानं कुणाला सांगायची वेळच येऊ दिली नाही. भल्या सकाळी डब्यात भाकरी बांधून ती कामाला निघून गेली.

तिनं याबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलांवर तिचा जीव आहे. पोरं दिवसभर तिच्या खुर्चीला लोंबकळत असतात. फक्त मुलाच्या नावानं ती त्याला कधी हाक मारत नाही. ‘राजा’ म्हणते, ‘ढमाल्या’ म्हणते, रागावली तर ‘ओ साहेब’ म्हणते. नाव मात्र तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. भागवतला हे कळत होतं. त्याला ते डाचत होतं आणि म्हणून ही बारशाची कल्पना. बहिणीचा राहिलेला मान डबीच्या निमित्तानं द्यायचा. मला पटलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

बारशाच्या दिवशी अंगण सजलं. पाळण्यात गादी, गादीवर लाल फितीत बांधलेली डबी. लातूरचे संस्थेचे लोक खुर्च्यांवर बसले होते, मल्लेश मोबाइलवर शूटिंग करत होता. नागुबाई ओसरीवर होत्या. नीलम्मा, भागवतची बायको आरती आणि शेजारच्या बायका पाळण्याभोवती. सुकन्या नवी मोरपंखी साडी नेसली होती. ती आतून घुगऱ्यांचं ताट घेऊन येत होती.

तेवढ्यात शेजारची एक म्हातारी नागुबाईंच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजली. काय, ते आम्हाला नागुबाईंच्या उत्तरावरून कळलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्या मोठ्यानं बोलतात.

“ठेवू दे की तिला नाव,” त्या म्हणाल्या. “यंत्र हाय ते. त्याला काय होतंय?”

सुकन्या दारात थांबली. भागवत पुढं झाला, तिच्या हातातलं ताट घेऊन म्हणाला, “चल अक्का, सगळे खोळंबलेत.” ती पाळण्यापर्यंत आली. दोरीला हात लावला नाही.

“माझ्यानं यंत्राला काई होत न्हाई, म्हणून बलावलं व्हय मला?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “लेकरांच्या येळेला भ्याव वाटलं. डबीला भ्याव न्हाई. हे बरं केलं, भागवत.”

लातूरचे पाहुणे चपलांकडं बघू लागले. मल्लेशनं मोबाइल खाली केला.

“हिचं नाव मी उद्या हापिसात सांगते. काम माझं हाय, नाव बी मीच देईन,” ती म्हणाली. “पण पाळण्यापाशी मला बलवू नका.”

आणि ती जिना चढून आमच्या घरात आली, दोन-दोन पायऱ्या टाकत नव्हे, एकेक. खाली नीलम्मानं प्रसंग सांभाळला. घुगऱ्या वाटल्या, चहा दिला, पाहुण्यांना निरोप दिला. सुकन्या आमच्या बैठकीत भिंतीला टेकून बसली होती आणि रडत होती. एवढ्या वर्षांत मी तिला प्रथमच रडताना पाहत होतो. मला फार लागलं. मी पाण्याचा तांब्या तिच्यासमोर ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर ऑफिसात आली. भागवत रात्रभर झोपला नसावा. मलाही खाली बोलावलं होतं. तिनं डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, हिचं नाव चाडं.

मल्लेशला चाडं माहीत नव्हतं, ट्रॅक्टरच्या पेरणीत वाढलेला पोरगा. तिनं त्याला समजावून सांगितलं. बैलाच्या तिफणीवर वर लाकडाची वाटी असते, ते चाडं. माणूस तिफणीमागं चालत त्यात मुठीतलं बी सोडत जातो, ते नळ्यांतून खाली तिन्ही तासांत, म्हणजे ओळींत, सारखं पडतं. वरून एक मूठ, खाली सगळ्या ओळी. डबी दुसरं काय करते? मी मान डोलावली. ‘प्रतिष्ठापने’चं दुःख त्या क्षणी संपलं.

“आन् बाप गेल्यावर आमच्या चाड्यावर मायची मूठ असायची,” ती भागवतकडं बघून म्हणाली. “तुला आठवत नसंल, तू ल्हान होतास. तिच्या हातानं पेरलेलं उगवलं न्हाई असं एक साल गेलं न्हाई. तवा कुणी तिला बाजूला हो म्हणलं न्हाई. मायला सांग हे नाव.”

खोकी छापली. लातूरच्या लोकांना नाव लगेच पटलं, त्यांच्यातले अर्धे शेतकऱ्यांचीच पोरं. मल्लेश फोनवर ‘चाडं लावलं का, सर?’ असं विचारू लागला. धंद्याच्या दृष्टीनं सगळं उत्तम झालं. घरात मात्र शांतता होती. भागवतनं आईला नाव सांगितलं आणि ते कुठून आलं तेही सांगितलं. नागुबाईंनी ऐकून घेतलं. त्यानंतर त्या कुणाशी फारशा बोलेनात. संध्याकाळी ओसरीवर बसायच्या आणि आपला उजवा पंजा उघडून मिटून बघत राहायच्या. नीलम्मा म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला एवढं लावून बोलायला नको होतं. मी म्हटलं, मग कधी बोलायचं? आमचं त्यावरून वाजलं.

उन्हाळा सरत आला तेव्हा भागवतच्या मुलीला बालवाडीत घालायची वेळ आली. ती तीन वर्षांची. तिच्या बारशात चुलत आत्यानं ठेवलेलं नाव कुणालाच रुचलं नव्हतं आणि दुसऱ्या कुठल्या नावावर नवराबायकोचं एकमत होत नव्हतं. सगळे तिला छकुली म्हणत आणि जन्मदाखल्यावर नावाची जागा तशीच रिकामी पडली होती. आता शाळा नाव मागत होती. भागवत माझ्याकडं नाव विचारायला यायच्या आत आरतीनं त्याला थांबवलं. आरती मोजकं बोलणारी, अर्धापूरची. मला वाटायचं, ती या सगळ्यात कुठंच नाही.

रविवारी तिनं मला आणि नीलम्माला खाली बोलावलं. पाळणा नाही, माळा नाहीत. नागुबाई खाटेवर बसल्या होत्या. सुकन्या कसलंसं मशीन उघडून जमिनीवर बसली होती. आरतीनं मुलीचे केस विंचरले, तिला स्वच्छ झगा घातला, आणि तिला उचलून सुकन्याच्या मांडीवर बसवलं.

“अक्का, हिचं नाव तुमी ठेवा,” ती म्हणाली. “मी हिची माय हाय. मला कसलं भ्याव न्हाई.”

सुकन्यानं पेचकस खाली ठेवला. हात साडीला पुसले. तिनं भावाकडं पाहिलं नाही, आमच्याकडंही नाही. ती आईकडं बघत होती, आणि नागुबाई खाली बघत होत्या. मला वाटलं, ती उठून जाणार. मग छकुलीनंच कंटाळून तिचा पदर ओढला.

सुकन्या वाकली आणि तिनं मुलीच्या कानात नाव सांगितलं. ‘ओवी’ सांगितलं असं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा ऐकू आलं नाही. सांगून झालं तरी ती तशीच वाकलेली राहिली, तोंड मुलीच्या केसांत खुपसून.

आत्यानं कानात नाव सांगितलं की भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपल्याकडची रीत. नीलम्मानं आरतीकडं पाहिलं, आरतीनं नीलम्माकडं. कुणाचा हात उठेना. आणि खाट करकरली. नागुबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, गुडघे सांभाळत लेकीच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. शेतात राबलेला तो रुंद हात त्यांनी उचलला आणि सुकन्याच्या पाठीत चांगला सणसणीत धपाटा घातला.

सुकन्याचे खांदे हलायला लागले. नागुबाईंनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी दुसरा धपाटा घातला.